शाळेच्या सिस्टरला नेहमी विचारले जाणारे प्रश्न: पालकांसाठी, आणि मुलांसाठी पण

मी गोव्यातल्या एका शाळेत नर्स आहे. मुलं सिस्टर म्हणतात, पहिलीतली दोन-चार जणं अजून डॉक्टरबाई म्हणतात. दरवर्षी त्याच त्याच गोष्टी कोणी गेटवर विचारतं, कोणी फोनवर, कोणी रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणून म्हटलं सगळं एकदा नीट लिहून ठेवू. पूर्ण नाही वाचलंत तरी चालेल, तुमच्या कामाचं तेवढं वाचा, फक्त फिट, दमा आणि कुत्रा चावण्याबद्दलचं मात्र सगळ्यांनीच वाचा.

सकाळी थोडा ताप होता, क्रोसिन देऊन पाठवलं तर चालेल ना?

नको. मला माहीत आहे की दोघं नोकरीला जातात, घरी कोणी नसतं, आजी गावाला असते. पण सात वाजता दिलेल्या औषधाचा जोर अकराच्या सुमारास उतरतो आणि मग पोर माझ्या खोलीत त्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेलं असतं, अंग तापलेलं, आणि तुमचा फोन लागत नसतो. औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही की मगच पाठवा. डोसाचं म्हणाल तर पॅरासिटामोल मुलाच्या वजनावर ठरतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तास, आणि दिवसात चार वेळांपेक्षा जास्त नाही. बाटल्या वेगवेगळ्या पॉवरच्या येतात, तेव्हा शेजारणीने सांगितलं पाच एमएल म्हणून पाच एमएल असं करू नका, बाटलीवरचं वाचा. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही.

कुठल्या आजारात किती दिवस घरी ठेवायचं?

कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच-सात दिवस लागतात. गालगुंड, सूज दिसल्यापासून पाच दिवस. उलट्या-जुलाब थांबून दोन दिवस झाले की पाठवा. हात, पाय आणि तोंडात फोड येतात ना, तो आजार छोट्या वर्गांत भराभर पसरतो, ताप गेला आणि फोड सुकले की या. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकट येणं थांबेपर्यंत घरी, आणि टॉवेल वेगळा. खरूज असेल तर मलम लावून एक रात्र गेली की दुसऱ्या दिवशी शाळा चालते, पण मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, ज्यांना खाज नाही त्यांनी पण, नाहीतर महिन्याभराने परत तेच.

शाळेत तुम्ही गोळ्या देता का?

माझ्या मनाने नाही. डॉक्टरची चिठ्ठी, तुमची सही केलेला कागद आणि औषध मूळ पाकिटात किंवा बाटलीत, एवढं हवं. कागदाच्या पुडीत गुंडाळलेली अर्धी गोळी दप्तरात घालून पाठवू नका प्लीज, मला ती कसली ते कळत नाही आणि मग मी देत नाही, आणि मुलाचा डोस चुकतो.

मुलाला फिट येते. शाळेला सांगितलं तर काढून टाकतील का? लग्नाच्या वेळी मुलीला त्रास होईल का?

हा प्रश्न मला कोणी सरळ विचारत नाही, फॉर्म देताना आवाज बारीक होतो त्यावरून कळतं.

आधीच्या एका शाळेत असताना सातवीतला एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी मैदानावर पडला. आम्हाला कोणालाच काही माहीत नव्हतं. मी धावत पोचले तेव्हा एका पायातला बूट निघून बाजूला पडलेला, एक जण त्याच्या मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबत होता, दुसरा कांदा आणायला किचनमध्ये पळालेला, आणि एका मोठ्या माणसाने दात उघडायला चमचा घातलेला होता. त्या चमच्याने दाताचा तुकडा उडाला. फिट अडीच मिनिटात थांबली, पण तो दात कायमचा गेला. अर्ध्या तासाने आई आली, तिच्या पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट होते, औषधाचं नाव, डोस, सगळं व्यवस्थित लावलेलं. ती फक्त रडत होती आणि म्हणत होती की सांगितलं असतं तर घेतलं नसतं ना शाळेत. मला तिचा राग नाही आला. तिला असं वाटावं इतकं आपण सगळ्यांनी मिळून तिला घाबरवून ठेवलेलं.

तर ऐका. मुलाला आजार आहे म्हणून शाळा काढू शकत नाही. माझं रजिस्टर कपाटात कुलपात असतं, चावी माझ्याकडे आणि हेडमास्तरांकडे. वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना तेवढंच सांगते जेवढं त्यांना वेळेवर कामी येईल.

आणि फिट आली तर काय करायचं ते सगळ्यांनीच शिका, बसस्टॉपवर पण उपयोगी पडतं. घड्याळ बघा. आजूबाजूचं टोकदार, कडक सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याजवळचं बटण सैल, आणि कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर जाते. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी पण नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल, कांदा, लोखंड यातल्या कशानेही फिट थांबत नाही, ती आपोआपच थांबते आणि आपल्याला वाटतं कांद्याने थांबली. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली तर लगेच १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर एक बाटली माझ्याकडे ठेवा आणि किती फवारे ते लिहून द्या.

दम्याचा पंप घेतला तर सवय लागते म्हणतात, खरं का?

नाही. पंपातलं औषध सरळ फुप्फुसात जातं म्हणून गोळी किंवा सिरपच्या मानाने कितीतरी कमी पुरतं. सवय कसलीच लागत नाही. लोक काय करतात, पोराला बरं वाटलं की रोजचा पंप आपणच बंद करतात, आणि मग पावसाळा सुरू होऊन घरातल्या भिंतींना ओल येऊन बुरशी धरली की एका रात्रीत म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात पळावं लागतं. रोजचा पंप वेगळा आणि त्रास झाल्यावर घ्यायचा वेगळा, दोन्हीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लहान मुलांना स्पेसरशिवाय, म्हणजे पंपाला लावायच्या नळीशिवाय, देऊ नका, निम्मं औषध घशातच राहतं.

त्रास झाल्यावरचा पंप दप्तरात हवाच, आणि दुसरा माझ्याकडे. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसले तर वाट बघायची नाही, पंप देत देतच गाडीत बसायचं. दिवाळीत नरकासुराच्या रात्री दमा असलेल्या मुलांना फटाक्यांच्या आणि पुतळा जाळण्याच्या धुरापासून लांब ठेवा हो. त्यांचं मन मोडतं मला माहीत आहे, संध्याकाळीच नरकासुर बघून या, बनवायला मदत करू दे, पण पहाटेच्या जाळण्याला नको.

आमच्या मुलीला टाइप वन डायबिटीस आहे, डबा आणि इन्सुलिनचं कसं करायचं?

आधी मला येऊन भेटा, फोनवर नको, अर्धा तास लागतो. इन्सुलिन शाळेच्या फ्रीजमध्ये राहील, टोचायला ती माझ्या खोलीत येईल, तिला एकटीला बरं वाटत नसेल तर मैत्रिणीला घेऊन येईल. वर्गात मधेच खायची आणि बाथरूमला जायची परवानगी शिक्षकांना सांगून ठेवलेली असेल. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांसमोर अंधारी, असं काही झालं तर शुगर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग बिस्किट नाहीतर पाव. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८. आणि ती जास्त गोड खाल्ल्यामुळे झालेली नाही. हे तिला नातेवाइकांच्या लग्नात कोणी ना कोणी ऐकवणारच आहे म्हणून तुम्ही आधीच सांगून ठेवा.

उवा झाल्या, शाळेतूनच आल्या ना?

शाळेतून, ट्यूशनमधून, मामेबहिणीकडून, कुठूनही. डोक्याला डोकं लागलं की येतात. घाणेरडेपणाशी काही संबंध नाही, स्वच्छ धुतलेल्या केसांत पण मजेत राहतात. परमेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन लावा, आणि सात ते दहा दिवसांनी परत लावा कारण लिखांतून नवीन निघतात आणि लोक दुसऱ्यांदा लावतच नाहीत. ओल्या केसांना खोबरेल लावून बारीक फणीने विंचरणं हे आज्जीचं काम आजही तितकंच उपयोगी आहे. रॉकेल लावू नका. मुलीचे केस भादरून टाकू नका, एका मुलीला तसं केलेलं, ती महिनाभर स्कार्फ बांधून यायची आणि कोणाशी बोलायची नाही.

जंताची गोळी सगळ्यांना का? माझ्या मुलाला जंत नाहीत.

बहुतेक वेळा ते दिसत नाहीत. फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिवस असतो, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. सगळ्यांना एकदम दिली तरच मातीतून परत परत होणं कमी होतं. ज्यांना जंत जास्त असतील त्यांना थोडं मळमळतं, पोटात दुखतं, संध्याकाळपर्यंत जातं. त्या दिवशी ताप असेल किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर आम्ही देत नाही, नंतरच्या दिवशी देतो.

निळी गोळी खाऊन मुलगी म्हणते शी काळी होते. बंद करू?

करू नका, काळी होणं लोहामुळेच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. दहा वर्षांवरच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह, आणि पाच ते नऊ वर्षांच्यांना गुलाबी, त्यात ४५. जेवल्यानंतर घ्यायची म्हणजे मळमळत नाही, आणि अलीकडे-पलीकडे तासभर चहा नको, चहामुळे लोह अंगाला लागत नाही. आपल्याकडे पोरं सकाळी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडो पाव चहात बुडवून खाऊन येतात आणि दुपारपर्यंत तेवढंच, मग दहाच्या तासाला फळ्याकडे बघत बसतात आणि टीचर म्हणतात लक्ष नाही. बारा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं. तांबडी भाजी, अळसांदे (चवळी), चणे, नाचणीचं तिजण हे सगळं घरातलंच आहे, वर लिंबू पिळा किंवा नंतर पेरू द्या, त्याने लोह जास्त शोषलं जातं. मासे खात असाल तर उत्तमच.

काजूच्या सीझनला तोंडाला आणि हाताला फोड येतात ते काय?

हे बाहेरच्या कोणाला सांगून पटत नाही, पण मार्च ते मे माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात, पेडण्या-डिचोलीकडची, सत्तरीची पोरं जास्त. बोंडू खाऊन झालं की ओली बी दातांनी फोडायची हौस असते. बीच्या सालीत जे तेल असतं त्याने कातडी भाजते. अगदी बिब्बा उतल्यासारखं. आधी काळपट डाग, दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पाण्याचे फोड. मागे चौथीतला एक जण आला, वरचा ओठ इतका सुजलेला की त्याला स्ट्रॉनेच पाणी पाजावं लागलं, आणि खिशात अजून सहा बिया होत्या, त्या द्यायला तयार नव्हता कारण विकायच्या होत्या.

तेल लागलं की लगेच साबणाने धुवा, दोन-तीन वेळा. त्या हाताने डोळे चोळू नका, मुलगे असाल तर लघवीला जायच्या आधी पण हात धुवा, हसू नका, तिथे फोड आलेली मुलं बघितली आहेत मी. फोड फोडायचे नाहीत, कॅलामाइन लावा, खाज फार असेल किंवा तोंड-डोळे सुजले तर डॉक्टर. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धरा आणि सरळ हॉस्पिटल. बिया गोळा करताना हाताला आधी खोबरेल फासा, आमची म्हातारी माणसं तसंच करायची. आणि ज्याला याचा खूप त्रास होतो त्याला आंब्याच्या चिकाचाही होऊ शकतो, झाडं एकाच कुळातली आहेत.

सत्तरीतल्या पालकांना याच सीझनला अजून एक सांगायचं आहे, माकडतापाचं. २०१५ साली सत्तरीत पहिल्यांदा आढळला, गोचडीतून होतो आणि थंडी संपून पाऊस येईपर्यंतचे दिवस त्याचेच. काजूत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे, आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ, आणि काखा, कानामागे गोचडी बघा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. अचानक जोराचा ताप, डोकं आणि कंबर फुटल्यासारखी, तर वाळपईला दाखवताना काजूत गेलेला हे आठवणीने सांगा.

सर्दी-तापात मुलाच्या छातीला फेणी चोळली तर?

मोठ्यांनी काय करायचं ते तुम्ही बघा, पण लहान मुलांना नको, चमचाभर पाजायची तर अजिबात नको. दारू पातळ कातडीतून अंगात जाते, वासातून पण जाते, आणि लहान मुलाची शुगर एकदम खाली येऊ शकते. आमच्या घरात पण आजी चोळायची आणि तो वास अजून मला घरचा वाटतो, तरी सांगते, नको. ताप असेल तर साध्या पाण्याने अंग पुसा, पेज द्या, पाणी पाजत राहा.

कुत्र्याने नुसतं ओरबाडलं, रक्त नाही आलं. इंजेक्शन लागतं?

लागतं. कातडी जराशी जरी खरवडली असेल तरी लस घ्यायचीच. कुत्रा घरचा असो, पिल्लू असो, मांजर असो, माकड असो.

पहिलं काम घरीच, नळाखाली वाहत्या पाण्यात साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे खूप वेळ असतो, घड्याळ लावून बघा, आपण दोन मिनिटांत बंद करतो. पण विषाणू तिथेच मारायची ती संधी असते. हळद, चुना, मिरचीपूड, कॉफी, तेल काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका. मग लगेच सरकारी आरोग्य केंद्र, तिथे लस फुकट मिळते. दंडात मोठं इंजेक्शन देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ हे दिवस, कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८. रक्त आलं असेल, चेहऱ्यावर किंवा बोटांवर चावलं असेल तर जखमेत वेगळं सीरम पण टोचावं लागतं, त्याबद्दल तिथेच विचारा. एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जगात कुठेच इलाज नाही, म्हणून मी एवढी मागे लागते.

आपल्या गोव्यात कुत्र्यांना लस द्यायचं काम मोठं झालंय, मिशन रेबीजवाले शाळांत येऊन मुलांना शिकवतात पण, त्याने माणसांतला रेबीज खूप खाली आला आहे. तरी डोस मधेच सोडू नका. आणि मुलांना एक वचन द्या, की कुत्रा चावल्याचं सांगितलं तर मार मिळणार नाही. मुलं लपवतात ती इंजेक्शनला घाबरून कमी, तुम्हाला घाबरून जास्त.

साप चावला तर?

हलू द्यायचं नाही, चावलेला हात किंवा पाय फळीला, पट्टीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठी-बांगडी-पैंजण काढायचे, १०८. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जाऊन अर्धा तास घालवायचा नाही. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींवर एकच औषध चालतं. फुरसं आपल्या सड्यावर, कातळाच्या माळावर, दगडाखाली असतं, इतकुसं दिसतं म्हणून मुलं काठीने डिवचतात. मण्यारीचं वेगळं, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत पण नाही, सकाळी मूल पोटात दुखतं म्हणतं आणि पापण्या जड होतात. पावसाळ्यात असं झालं तर पोटाचं औषध देत बसू नका.

डोकं आपटलं, नाकातून रक्त, दात पडला, खेळाच्या तासाला काय काय होतं?

नाकातून रक्त आलं की डोकं पुढे झुकवायचं, मागे नाही, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं, मधे मधे सोडून बघायचं नाही. डोकं आपटलं तर मी त्याच दिवशी चिठ्ठी पाठवते, ती वाचा. परत परत उलटी, झोपेतून नीट जाग न येणं, बोलणं अडखळणं, एक बाहुली मोठी दिसणं, फिट, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जा. दुधाचा दात पडला तर पडला. पण कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता उचला, दुधात बुडवा आणि तासाच्या आत दाताचा डॉक्टर गाठा, तो परत बसवता येतो. कॅन्टीनमधून दूध आणायला पळणारी दोन मुलं मी प्रत्येक वर्गात ठरवून ठेवली आहेत.

डेंगीच्या दिवसांत काय बघायचं?

ताप आला की आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन बंद, फक्त पॅरासिटामोल. आणि लोक ताप उतरला की सुटकेचा श्वास टाकतात, खरं सांभाळायचे दिवस तेच असतात. पोटात जोराने दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, मूल मलूल, तर लगेच दाखवा. डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेत पण चावतो, त्यामुळे पूर्ण बाह्या चालतील, युनिफॉर्मचं मी बोलून घेते. घरी नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रीजमागचा ट्रे आणि ताडपत्रीवर साचलेलं पाणी, दर रविवारी पाच मिनिटं. जुलाबांचं म्हणाल तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट नाही, आणि १४ दिवस झिंक.

मुलीला पाळी येते, गणेश चवथीला नेमकी येणार. गोळी देऊन पुढे ढकलू?

ऑगस्ट आला की हा फोन येतोच. डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणून देऊ नका, वय लहान असताना तर नाहीच. हॉर्मोनची गोळी आहे ती, मायग्रेन असेल, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर धोका वाढतो. आई म्हणून तुमच्यावर घरातल्या मोठ्यांचं किती प्रेशर असतं ते मी स्वतः भोगलंय, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली कोण बसलं आणि कोण नाही बसलं हे सगळे बघतात. पण तेरा वर्षांच्या मुलीने दोन दिवस आतल्या खोलीत बसण्याबद्दल तिला काय वाटतं हे तिला एकदा विचारा तरी.

मुलींनो, तुमच्यासाठी. माझ्या खोलीत डावीकडच्या कपाटात खालच्या खणात पॅड आहेत, विचारायची गरज नाही, घेऊन जा. चार ते सहा तासांनी बदला. पहिली दोन-तीन वर्षं पाळी पुढेमागे होते, २१ ते ४५ दिवसांत कधीही येऊ शकते. तासाला पॅड भिजत असेल, आठ दिवसांवर चालत असेल, दुखण्याने शाळा बुडत असेल तर आईला घेऊन डॉक्टरकडे जा, सहन करणं म्हणजे शहाणपण नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी आली नसेल तर पण दाखवायचं. आणि स्कर्टवर डाग पडला तर स्वेटर कंबरेला बांधून सरळ माझ्याकडे ये, दुसरा स्कर्ट आहे.

शाळेत तपासणीत डोळ्यांची चिठ्ठी दिली, पण त्याला दिसतंय की सगळं.

त्याला वाटतं सगळ्यांना फळा असाच धूसर दिसतो. एकदा तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघते आणि काही सापडलं तर पुढचा उपचार मोफत असतो, हृदयाचं छिद्र असो की कानाचं. चिठ्ठी मिळाली की घाबरू नका आणि ती दप्तराच्या तळाशी पण राहू देऊ नका. मोठं ऑपरेशन निघालं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून ठेवा, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. लशींचं पण तिथेच बघून घ्या, १० आणि १६ व्या वर्षी टीडी असते आणि ती हमखास विसरली जाते.

दहावीतला आहे, हल्ली जेवत नाही, बोलत नाही. वयच तसं आहे का?

वय असेलही. पण दोन आठवड्यांवर चाललं असेल, झोप उडाली असेल, आवडता फुटबॉल सोडला असेल, वस्तू देऊन टाकत असेल, मी नसलो तर बरं असं काही बोलला असेल, तर वयावर ढकलू नका. तुला मरावंसं वाटतं का, असं सरळ शांतपणे विचारलं तर मनात नसलेलं मनात येत नाही, उलट मुलाला हायसं वाटतं की कोणीतरी विचारलं. टेली मानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे गेलं म्हणजे वेडा असं आपल्याकडे अजून म्हणतात, म्हणू दे.

मुलांनो, कोणी नको तिथे हात लावत असेल, घरातलं असो की बाहेरचं, तर १०९८ वर फोन करा, नाहीतर माझ्या खोलीचं दार लोटा. एकच गोष्ट आधीच सांगते, असं काही असेल तर ते मी माझ्यापुरतं ठेवू शकत नाही, कायद्याने मला कळवावंच लागतं. पण तुला विचारल्याशिवाय वर्गात, मित्रांत, कुठेही जाणार नाही, आणि प्रत्येक वेळी मी तुझ्यासोबत असेन.

खिशात वेप सापडला तर तुम्ही काय करता?

आधी बोलते. २०१९ पासून ई-सिगारेट विकायला बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला तर त्याच्याही आधीपासून, तरी मिळतंय हे मुलंच सांगतात. सोडायची इच्छा आहे अशी मुलं माझ्याकडे स्वतःहून आली आहेत, त्यांची नावं मी कोणाला दिलेली नाहीत.

वर्षाच्या सुरुवातीच्या फॉर्मवर काय लिहायचं?

अ‍ॅलर्जी, चालू औषधं, आधीची ऑपरेशनं, फिट किंवा दमा किंवा शुगर किंवा हृदयाचं काही, चष्मा, रक्तगट माहीत असेल तर. वजन. दोन चालू फोन नंबर, आणि त्यातला एक अशा माणसाचा जो अर्ध्या तासात पोचू शकतो. नंबर बदलला की त्याच आठवड्यात सांगा, गेल्या वर्षी एका मुलीचा हात मोडला आणि तिन्ही नंबर बंद, शेवटी पोदेराने घरी जाऊन निरोप दिला.

माझी खोली तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीच्या बाजूची. सकाळी साडेसातपासून असते.